गुणी माणसं शहराकडे येतात कशी आणि टिकतात कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मध्यम आकाराच्या शहराच्या नियोजन विभागातल्या अधिकाऱ्याला ‘सर्जनशील उद्योगांचं धोरण’ लिहायला सांगितलं आहे. डिझायनर, ॲनिमेटर, गेम बनवणारे, लेखक, वादक, चित्रपटवाले यांना शहराकडे ओढायचं कसं? सुरुवात एखाद्या मोठ्या संग्रहालयानं करावी का? घरून काम आणि एआय आल्यावर शहराला काही अर्थ उरतो का? आणि पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात नेमकं काय धरायचं?

नगरनियोजनात, आणि त्यातही कलाकारांच्या व छोट्या स्टुडिओंच्या जागांच्या कामात मी बरीच वर्षं घालवली आहेत. अशी धोरणं लिहिली आहेत, दुसऱ्यांनी लिहिलेली तपासली आहेत. त्यावरून माझं मत आधीच सांगून टाकतो. नावाजलेली माणसं बाहेरून आणण्यावर पैसा घालू नका. ज्यांना अजून कुणी ओळखत नाही, ज्यांचं वय विशी-पंचविशीत आहे आणि ज्यांचे पहिले दोन-तीन प्रयत्न बहुधा फसणार आहेत, त्यांना तुमच्या शहरात फसणं परवडलं पाहिजे. ते परवडावं यासाठी लागणारी जागा शहरानं जमीन स्वस्त असतानाच धरून ठेवायला हवी. कारण शहर नावारूपाला आलं की हे काम फार महाग होतं, बहुतेकदा अशक्यच.

‘माणसं ओढायची’ ही भाषा आली कुठून ते पाहू. २००२ मध्ये रिचर्ड फ्लोरिडा या अभ्यासकानं मांडलं की शहरांची भरभराट तंत्रज्ञान, प्रतिभा आणि सहिष्णुता या तिघांवर उभी असते. हुशार माणसं आधी शहर निवडतात आणि नोकऱ्या त्यांच्या मागे येतात. महापौरांना हे फार आवडलं, कारण त्याचा सोपा अर्थ निघत होता: सायकलमार्ग आखा, जुन्या गोदामांत कॅफे उघडा, महोत्सव भरवा, बोधचिन्ह बदला. २००९ मध्ये मायकेल स्टॉर्पर आणि ॲलन स्कॉट या भूगोलतज्ज्ञांनी या मांडणीवर नेमकं बोट ठेवलं. माणूस हवापाण्यासाठी शहर बदलतो हे फारसं खरं नाही. त्याच्या कसबाला जिथे काम आहे तिथे तो जातो आणि अशी कामं एका ठिकाणी साचायला उद्योगांचा इतिहास लागतो. पुढे २०१७ मध्ये खुद्द फ्लोरिडानंच मान्य केलं की याच यशस्वी शहरांत विषमता आणि घरभाडी भयंकर वाढली आहेत.

माझं झुकतं माप स्टॉर्पर-स्कॉट यांच्याकडे आहे. पण सहिष्णुतेचा मुद्दा मी सोडणार नाही, फक्त त्याचं कारण वेगळं सांगेन. नवख्या माणसाचा शहराशी पहिला व्यवहार घरमालकाशी होतो. कुठून आलात, लग्न झालंय का, रात्री किती वाजता परतता, पगाराची पावती आहे का, हे प्रश्न जिथे घट्ट असतात तिथे फ्रीलान्स काम करणारा पहिल्याच आठवड्यात अडकतो. त्याच्याकडे पगाराची पावती नसतेच. फ्रान्समध्ये २०१६ पासून ‘व्हिझाल’ नावाची मोफत भाडेहमी आहे: तिशीपर्यंतच्या भाडेकरूंनी भाडं थकवलं तर ते घरमालकाला हमी देणारी संस्था देते. सहिष्णुता अशा कागदांतून आली तर टिकते, भित्तिचित्रांतून येणारी सहसा उद्घाटनापुरतीच असते.

आता एक उदाहरण जरा जवळून बघू. स्कॉटलंडमधलं डंडी. लोकसंख्या दीड लाखाच्या आत. तागाच्या गिरण्यांवर वाढलेलं आणि गिरण्या गेल्यावर ओस पडत गेलेलं शहर. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे टायमेक्स या घड्याळ कंपनीचा कारखाना आला. १९८२ मध्ये बाजारात आलेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा स्वस्त घरगुती संगणक याच कारखान्यात जोडला जायचा. त्यामुळे कामगारांच्या घरांत, शाळकरी पोरांच्या हातात संगणक आले. (त्यातले किती मागच्या दारानं बाहेर पडले याचे किस्से तिथे अजून चवीनं सांगतात.) संध्याकाळी किंग्जवे तांत्रिक महाविद्यालयात हौशी संगणकवाल्यांचा क्लब भरायचा. पोरं आपापले प्रोग्रॅम आणायची, एकमेकांचे फोडून बघायची. त्यातलाच एक डेव्हिड जोन्स, टायमेक्समधला शिकाऊ. कपातीत नोकरी गेली तेव्हा हातात आलेल्या रकमेतून त्यानं अधिक ताकदीचा संगणक घेतला आणि १९८७ मध्ये डीएमए डिझाइन ही कंपनी काढली. काही वर्षांत तिचे गेम जगभर खेळले जाऊ लागले. १९९७ मध्ये तिथल्या ॲबर्टे विद्यापीठानं संगणकीय गेमची पदवी सुरू केली. जगातली अशी पहिली पदवी म्हणून ती ओळखली जाते.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते २०१० साल. जोन्सचीच पुढची कंपनी, रिअलटाइम वर्ल्ड्स, एका महागड्या गेमपायी बुडाली. एकाच मालकावर विसंबलेल्या शहरात अशा वेळी माणसं बॅगा भरतात. इथेही काही गेली. पण बऱ्याच जणांनी त्याच शहरात तीन-तीन, चार-चार जणांचे स्टुडिओ काढले. सहकारी ओळखीचे होते, विद्यापीठात शिकवायचं काम होतं, खोल्या स्वस्त होत्या आणि नव्या पदवीधरांचा ओघ चालू होता. एक कंपनी बुडाली, पण तिथे साचलेलं कसब शहरातच राहिलं. कुठल्याही शहराचं धोरण तपासताना मी हाच प्रश्न विचारतो: तुमची सगळ्यात मोठी कंपनी उद्या बंद पडली तर परवा तिथली माणसं कुठे बसतील?

आणि क्रम बघा. युनेस्कोनं डंडीला डिझाइनचं शहर म्हटलं २०१४ मध्ये. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट (व्ही अँड ए) या कला-डिझाइन संग्रहालयाच्या शाखेची देखणी इमारत नदीकाठी उभी राहिली २०१८ मध्ये. म्हणजे पहिल्या कंपनीनंतर तीस वर्षांनी. युनेस्कोची सर्जनशील शहरांची ही यादी २००४ पासून आहे आणि आता तीत साडेतीनशेहून अधिक शहरं आहेत. अर्ज जरूर करा, फुकटची ओळख मिळते. पण त्यापायी वर्षभर आख्खा विभाग अडकवून ठेवू नका.

माणसं एकाच ठिकाणी का साचतात, याचं दुसरं चांगलं उदाहरण अमेरिकेतलं नॅशव्हिल. तिथे गायक जातात ते हवा खायला नव्हे. गाणी लिहिणारे, त्यांचे हक्क सांभाळणारे प्रकाशक, करार बघणारे वकील, स्टुडिओ आणि तासांवर काम करणारे वादक हे सगळे काही गल्ल्यांत एकवटले आहेत. तिथल्या वादकांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून एक पद्धत रुळवली. गाण्याचे कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) अक्षरांऐवजी आकड्यांत लिहायचे. गायकानं ऐन वेळी पट्टी बदलली तरी कागद बदलावा लागत नाही, एक, चार, पाच हे आकडे तसेच राहतात. एकमेकांना कधी न भेटलेले वादक तीन तासांच्या सत्रात दोन-चार गाणी ध्वनिमुद्रित करून मोकळे होतात. हे कसब पुस्तकात सापडेल, पण त्याचा वेग फक्त त्या गल्ल्यांतच मिळतो. अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल १८९० मध्ये औद्योगिक गावांबद्दल हेच सांगत होता: धंद्याची गुपितं तिथल्या हवेतच असतात, पोरं ती नकळत शिकतात. तुमच्या धोरणात ‘कलाकार’ हा शब्द पानोपानी येईल. पण हिशेबनीस, करार बघणारा वकील, ध्वनिमुद्रक, सेट उभारणारा सुतार, सामान भाड्यानं देणारा हे येतील का? मी वाचलेल्या मसुद्यांत ते बहुधा नसतात.

आता जागा. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण महापालिकेच्या हातात सर्वांत जास्त जर काही असेल तर ते हेच.

शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्जनं १९६१ मध्येच सांगितलं होतं की नव्या कल्पनांना जुन्या इमारती लागतात. नव्या बांधकामाचं कर्ज फेडण्याइतका पैसा नव्या धंद्यात नसतो. जर्मनीच्या पूर्व भागातल्या लाइपझिगनं हे अगदी टोकाच्या परिस्थितीत करून दाखवलं. १९८९ मध्ये तिथे सुमारे ५ लाख ३० हजार लोक होते. बर्लिनची भिंत पडल्यावर कारखाने बंद झाले आणि १९९८ पर्यंत हा आकडा ४ लाख ३७ हजारांवर आला. २००० च्या सुमारास शहरात साठ हजारांच्या आसपास घरं रिकामी होती. शंभर वर्षांच्या सुंदर इमारती, छतं गळकी. मालकांना डागडुजीचा खर्च परवडेना. २००४ मध्ये ‘हाउसहाल्टन’ या संस्थेनं मधला मार्ग काढला. मालकानं इमारत साधारण पाच वर्षांसाठी वापरायला द्यायची, भाडं घ्यायचं नाही. वापरणाऱ्यांनी वीज-पाण्याचा वगैरे चालू खर्च उचलायचा आणि इमारत राखायची. छताची किंवा नळाची गळती वेळेत थांबवायची, हिवाळ्यात पाइप फुटू द्यायचे नाहीत, खिडक्या धड ठेवायच्या. या इमारतींना ‘राखणदार घरं’ असंच नाव पडलं. चित्रकार आले, तालमी करणारे आले, सायकल दुरुस्तीवाले आले. पलीकडे एका जुन्या सूतगिरणीच्या सुमारे दहा हेक्टर आवारात स्टुडिओ आणि गॅलऱ्या भरल्या. आज शहराची लोकसंख्या सहा लाखांवर आहे.

पण पुढचं ऐकल्याशिवाय हे उदाहरण वापरू नका. पाच वर्षांची मुदत संपली, शहर वाढू लागलं, मालकांना बाजारभाव मिळू लागला आणि राखणदार बाहेर पडले. काही गटांनी वेळ असताना एकत्र येऊन इमारत विकत घेतली, ते राहिले. तात्पुरत्या वापराच्या प्रत्येक योजनेचा शेवट असाच होतो. ती करू नका असं मी म्हणत नाही. पण दहातल्या निदान दोन-तीन इमारती पहिल्याच दिवशी कायमच्या बाजाराबाहेर काढा. विश्वस्त संस्थेच्या नावावर करा, मालमत्तेच्या कागदावरच वापराची अट घाला. लंडनमध्ये २०१९ पासून ‘क्रिएटिव्ह लँड ट्रस्ट’ हेच करतो, कलाकारांसाठी स्टुडिओंच्या जागा स्वतःच्या ताब्यात घेऊन टिकवतो. लंडनला हे महाग पडतं, कारण सुरुवात उशिरा झाली.

न्यूयॉर्कमधला मॅनहॅटन प्लाझा हा उलटा किस्सा. सुमारे सतराशे घरांचे दोन उंच मनोरे बांधून झाले आणि वस्ती इतकी बदनाम की मध्यमवर्ग तिकडे फिरकेना. शेवटी सरकारी घरभाडे अनुदान लावून १९७७ मध्ये ती घरं दिली गेली: ७० टक्के रंगमंचावर आणि त्यामागे काम करणाऱ्यांना, १५ टक्के वृद्धांना, १५ टक्के त्याच वस्तीतल्या जुन्या रहिवाशांना. भाडं ठरतं उत्पन्नाच्या प्रमाणात. काम मिळालं की भाडं वाढतं, काम सुटलं की उतरतं. ज्याचं उत्पन्न महिन्यागणिक हेलकावतं त्याच्यासाठी याहून नेमकी भाडेपद्धत मी पाहिलेली नाही. गायिका अलिशिया कीज याच मनोऱ्यांत लहानाची मोठी झाली. वस्ती सुधारली, आसपासचे भाव आभाळाला भिडले, तरी आतली माणसं टिकली. नाइलाजानं घेतलेला निर्णय होता हा, पण कागद पक्के झाले होते.

कागद पक्के असूनही घात होऊ शकतो. टोरांटोत १९८६ पासून ‘आर्टस्केप’ ही ना-नफा संस्था कलाकारांसाठी जागा उभारत होती. जगभरची शिष्टमंडळं ती पाहायला जायची. एका मोठ्या नव्या प्रकल्पाचं कर्ज तिला पेललं नाही आणि २०२३ मध्ये तिचा कारभार प्रशासकाच्या हाती जाणार असं जाहीर झालं. कलाकारांच्या डोक्यावरचं छप्पर वाचवायला शहराला धावपळ करावी लागली. तेव्हा सगळ्या इमारती एकाच संस्थेच्या ताळेबंदावर ठेवू नका आणि भाडं कमी ठेवायचं असेल तर भांडवल अनुदानातून उभं करा, कर्जातून नको.

आवाजाबद्दल दोनच वाक्यं, पण ती नियमावलीत गेलीच पाहिजेत. जुन्या संगीतघराशेजारी नवी निवासी इमारत आली तर ध्वनिरोधनाचा खर्च नंतर येणाऱ्यानं करायचा, म्हणजे बिल्डरनं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं हे २०१४ मध्ये नियमात आणलं, इंग्लंडनं २०१८ मध्ये. लंडननं तोवर बरंच गमावलं होतं: २००७ ते २०१५ या काळात तिथली छोटी संगीतघरं ३५ टक्क्यांनी घटली. एक पैसाही न खर्च करता होणारं काम म्हणून मी ते कायम यादीत वर ठेवतो.

संग्रहालयाकडे वळतो. स्पेनमधल्या बिल्बाओचं नाव घेतल्याशिवाय अशी एकही बैठक पार पडत नाही. १९९७ मध्ये वास्तुरचनाकार फ्रँक गेहरीनं रचलेलं गुगनहाइम संग्रहालय उघडलं आणि गंजलेलं बंदर जगाच्या नकाशावर आलं, अशी गोष्ट सांगितली जाते. गोष्टीतून काय गळतं? नदी स्वच्छ करण्याचा प्रचंड सांडपाणी प्रकल्प संग्रहालयाच्या कितीतरी आधी हाती घेतलेला होता. बंद पडलेल्या बंदराच्या आणि रेल्वेच्या जमिनी एकत्र विकसित करायला १९९२ मध्ये वेगवेगळ्या सरकारी मालकांनी मिळून एकच कंपनी काढली होती. मेट्रो १९९५ मध्ये धावू लागली होती. आणि बिल्बाओ ज्या बास्क प्रदेशात आहे तिथले प्रांत आपले कर स्वतः गोळा करतात, त्यामुळे पैसा आणि निर्णय दोन्ही जवळ होते. हे चारही तुमच्याकडे असतील तर संग्रहालयाचा विचार करा.

मला फिनलंडच्या राजधानीचा, हेलसिंकीचा, निर्णय जास्त शिकण्यासारखा वाटतो. तिथे गुगनहाइमचाच प्रस्ताव २०१६ च्या अखेरीस नगर परिषदेनं ५३ विरुद्ध ३२ मतांनी फेटाळला. दोन वर्षांनी, डिसेंबर २०१८ मध्ये, त्याच शहरानं ‘ओदी’ हे मध्यवर्ती ग्रंथालय उघडलं. त्याच्या मधल्या मजल्यावर पुस्तकं शोधू नका. तिथे ध्वनिमुद्रणाच्या खोल्या आहेत, थ्रीडी प्रिंटर आहेत, शिवणयंत्रं आहेत, आणि ती कुणीही वापरू शकतं. सोळा वर्षांची मुलगी शाळा सुटल्यावर येऊन आपलं पहिलं गाणं ध्वनिमुद्रित करू शकते. डंडीच्या महाविद्यालयातल्या त्या क्लबनं जे अपघातानं केलं ते इथे ठरवून केलेलं आहे.

करसवलतींबद्दल माझं मत कडक आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यानं २००८ मध्ये चित्रपट निर्मात्यांना खर्चाच्या ४२ टक्क्यांपर्यंत परतावा देऊ केला. चित्रीकरणं आली. एका स्टुडिओच्या रोख्यांना तर राज्याच्या निवृत्तिवेतन निधीची हमी होती. ते रोखे थकले आणि भुर्दंड निधीवर पडला. २०१५ मध्ये सवलत बंद झाली, चित्रीकरणं दुसऱ्या राज्यांत गेली. फिरत्या चित्रीकरणाला मुळं नसतात. कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा अनुभव वेगळा. १९९७ मध्ये पगारावरच्या सवलती देऊन तिथे युबिसॉफ्ट ही गेम कंपनी आणली गेली. ती एका जुन्या कापड कारखान्याच्या इमारतीत बसली. सवलत स्थानिक माणसांच्या पगाराला बांधलेली होती, शहरात विद्यापीठं होती. वीस वर्षांत तिथे शिकलेली माणसं बाहेर पडून स्वतःचे स्टुडिओ काढू लागली. तरीही दोन गोष्टी लक्षात ठेवा: त्या इमारतीच्या आसपासच्या वस्तीतली भाडी कलाकारांच्या आवाक्याबाहेर गेली, आणि सवलत एकदा सुरू केली की मागे घेणं राजकीयदृष्ट्या फार अवघड जातं. द्यायचीच असेल तर पगाराला द्या, चित्रीकरणाला नको, आणि संपण्याची तारीख कायद्यातच लिहा.

घरून काम करता येतं म्हणून शहर संपलं, असं काही झालेलं नाही. झालं एवढंच की कमाई एका शहराची आणि भाडं दुसऱ्या शहराचं अशी माणसं मोठ्या संख्येनं तयार झाली. ओक्लाहोमातल्या तुल्सानं २०१८ पासून अशा लोकांना वर्षभर येऊन राहण्यासाठी दहा हजार डॉलर देऊ केले. हा पैसा एका खासगी प्रतिष्ठानाचा. तीन हजारांहून जास्त लोक त्यातून आले. मला यात रक्कम महत्त्वाची वाटत नाही. आलेल्यांना एकत्र बसायची जागा, ओळखी करून देणारे कर्मचारी आणि घर शोधायला मदत मिळते, म्हणून वर्ष संपल्यावरही पुष्कळ जण टिकतात. आणि तुल्सात घरं स्वस्त होती. जिथे घरांची आधीच टंचाई आहे तिथे हाच पाहुणा जुन्या रहिवाशाला बाहेर ढकलतो. पोर्तुगालनं २०२२ मध्ये दूरस्थ कामगारांसाठी खास व्हिसा काढला आणि पुढच्याच वर्षी घरखरेदीच्या बदल्यात मिळणारा निवासपरवाना बंद करावा लागला. बार्सिलोनानं तर २०२४ मध्ये जाहीर केलं की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या १०,१०१ घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवले जातील. तेव्हा बाहेरच्यांना बोलावण्याआधी रिकाम्या घरांचा आकडा बघा. तो नगण्य असेल तर योजना गुंडाळून ठेवा.

एआयचा प्रश्न सगळे ‘कलाकाराची गरज उरेल का’ असा विचारतात. शहराच्या दृष्टीनं मला दुसरीच चिंता आहे. पार्श्वभूमीची चित्रं रंगवणं, जाहिरातीचे छोटे मजकूर, कच्चं संकलन, उपशीर्षकं, ही कनिष्ठ कामं आधी आटतील. पोटापाण्याचा पैसा आणि शिक्षण दोन्ही याच कामांतून मिळायचं. खालच्या पायऱ्या गेल्या तर दहा वर्षांनी वरच्या पायरीवर कोण उभं असेल? हॉलिवूडच्या लेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला, त्यातल्या एआयबद्दलच्या अटींची चर्चा खूप झाली. पण त्याच करारात मालिकेच्या लेखनकक्षात किमान किती लेखक हवेत हेही ठरलं, आणि नवोदितांच्या दृष्टीनं ते अधिक मोलाचं होतं. अनुभवी माणसाशेजारी बसल्याशिवाय हे काम येत नाही.

देशपातळीवर याला उत्तरं आहेत. फ्रान्समध्ये रंगमंच आणि चित्रपटातल्या हंगामी कामगाराला बारा महिन्यांत ५०७ तास काम दाखवता आलं की बेकारी भत्ता मिळतो. आयर्लंडनं २०२२ पासून दोन हजार कलाकारांना सोडत काढून तीन वर्षं आठवड्याला ३२५ युरो दिले. शहराला एवढं झेपणार नाही. पण शहर स्वतः मोठं गिऱ्हाईक असतं. माहितीपट, फलक, संकेतस्थळं, कार्यक्रम, शाळांची पुस्तिका, हे सगळं ते विकत घेतं. या प्रत्येक कामात किमान एक शिकाऊ माणूस पगारी असेल अशी अट निविदेत घाला. खर्च थोडा वाढेल, तो शिक्षणाचा खर्च समजून धरा.

आता पहिल्या वर्षाचं अंदाजपत्रक. सगळ्यात आधी एका माणसाला वर्षभरासाठी बसवा आणि शहराच्या मालकीच्या रिकाम्या जागांची यादी करवून घ्या. नुसते पत्ते नकोत. छत कसं आहे, विजेचा मंजूर भार किती, थ्री-फेज आहे का, अवजड सामान वर कसं जातं, रात्री दहानंतर आवाज चालेल का, अग्निशमनाचा दाखला कशासाठी अडलाय आणि फाइल कुठल्या विभागाकडे आहे, हे सगळे रकाने हवेत. अशी यादी मी मागितली की बहुतेक ठिकाणी आधी ‘आहे’ असं उत्तर येतं आणि मग ती तीन विभागांत तीन वेगळ्या तऱ्हेची निघते.

दुसरी रक्कम भाडेकराराच्या नमुन्यासाठी: निदान सात-दहा वर्षांची मुदत, भाडेवाढीचं ठरलेलं सूत्र, पगाराच्या पावतीऐवजी कामाच्या बिलांवर पात्रता. तिसरी गोष्ट पैशांची नाहीच, शिस्तीची आहे. युरोपीय संघात सरकारी कार्यालयांना साधारणपणे ३० दिवसांत देयक चुकतं करावं लागतं. तुमच्याकडे छोट्या स्टुडिओचं बिल किती दिवसांनी निघतं ते लेखा विभागाकडून काढून घ्या. चार जणांच्या स्टुडिओला शहराच्या कामाचे पैसे आठ महिन्यांनी मिळत असतील तर त्याला अनुदान देण्याला काय अर्थ? आधी त्याचं देणं द्या. उरलेल्या पैशांतून एका चालू ग्रंथालयात किंवा महाविद्यालयात संध्याकाळी सात ते अकरा उघडी राहणारी एक कार्यशाळा सुरू करा, आणि शेवटची बस अकरानंतर सुटेल याची व्यवस्था करा.

मोजमापात महोत्सवाची गर्दी धरू नका. तुमच्या कला आणि डिझाइन महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्यांपैकी पाच वर्षांनी किती जण शहरात आहेत, बंद पडलेल्या स्टुडिओतली माणसं कुठे गेली, आणि ठरावीक भाड्याच्या आत किती चौरस मीटर जागा उपलब्ध आहे, हे तीन आकडे दर वर्षी जाहीर केलेत तरी पुष्कळ झालं.

विरोध कुठून होईल तेही सांगतो. तो सहसा मालमत्ता विभागाकडून होतो, आणि त्यात त्यांची चूक नसते. त्यांना उद्दिष्टच जास्तीत जास्त महसुलाचं दिलेलं असतं, सगळ्यात मोठी बोली नाकारली तर लेखापरीक्षणात त्यांनाच उत्तर द्यावं लागतं. त्यामुळे काही निवडक जागा सर्वोच्च बोलीच्या नियमातून वगळल्याचा ठराव सर्वसाधारण सभेत आधी करून घ्या, त्यावर लेखा विभागाची सही घ्या आणि जागांची यादी त्याच ठरावाला जोडा. निवडणुकीच्या वर्षात हा विषय आणू नका, तेव्हा रिकाम्या जागांवर सगळ्यांचीच नजर असते.